मगरीची अंडी: घरट्यात ठेवावी की उबवणी यंत्रात?

पवई तलावाच्या काठी मगरीचं घरटं सापडलं की हा पेच पडतो. खर्चात घरटं स्वस्त: कुंपण आणि कुत्र्यांवर लक्ष. यंत्राला दोनेक महिने अखंड वीज हवी.

खरा मुद्दा तापमानाचा: पिल्लू नर की मादी, हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. 32.5 अंशांच्या आसपास बहुतेक नर, 31 च्या खाली माद्याच. घरट्याच्या खड्ड्यात थराथरांत तापमानाचा फरक असतो, म्हणून नर-मादी दोन्ही निघू शकतात. यंत्रात आकडा चुकला की सगळी पिल्लं एकाच लिंगाची.

हलवताना अंडं फिरलं तर गर्भ मरतो, कारण तो दिवसभरातच वरच्या बाजूला आतून चिकटतो. वर पेन्सिलीची खूण करून तसंच उचलावं. घरट्यात पिल्लांचा आवाज ऐकून आईच माती उकरते, जबड्यातून त्यांना पाण्यात नेते.

वर्दळ नसेल तर घरटंच बरं. पाणी शिरणार असेल तरच यंत्र, तेही वनविभागाच्याच हातून.