टी-रिंग घेतली आणि कोजागिरी हुकली

आमच्याकडे १३० मिमी आरशाची न्यूटोनियन दुर्बीण आहे, फोकल लेंथ ९०० मिमी. वर्तकनगरच्या गच्चीवर चार वर्षं मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) टेकवून फोटो काढले, निम्म्या फोटोत चंद्र कमी आणि काळी गोल किनारच जास्त. शेवटी म्हटलं कॅननचा डीएसएलआर लग्न-बारशांपुरता कपाटात पडून आहे, तोच लावू. ऑनलाईन टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडायचं कडं) आणि सव्वा इंची नोजपीस (दुर्बिणीत सरकवायची नळी) असा सेट मागवला.

वस्तू चांगली आहे हं. रिंग एका बाजूने लेन्ससारखी कॅमेऱ्याला क्लिक होते, दुसऱ्या बाजूला ४२ मिमीचे आटे, त्यात नोजपीस फिरवायचा आणि आयपीसच्या जागी सरकवायचा, बास. कॅमेऱ्याची लेन्स नाही, आयपीस नाही, दुर्बीणच लेन्स. सगळं मेटल, आटे गुळगुळीत, बसल्यावर जरासुद्धा हलत नाही.

राग आहे तो विकणाऱ्यावर. घ्यायच्या आधी मेसेज करून विचारलं होतं न्यूटोनियनला चालेल ना, तर म्हणे "येस सर, ऑल टेलिस्कोप". कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध उकळतंय, पोरं रांगेत उभी, आणि मी फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारी नळी) आत आत आत फिरवतोय, फोकसर संपला तरी चंद्र आपला धुरकट गोळा. शेजारच्या काकू स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अरे हा चंद्र आहे की दुधावरची साय?"

भानगड अशी की टी-रिंगच्या तोंडापासून सेन्सर ५५ मिमी मागे असतो, आणि आपल्या साध्या न्यूटोनियनमधे प्रतिमा फोकसरच्या जरा बाहेरच तयार होते, कारण ती आयपीससाठी बनवलेली असते. म्हणजे सेन्सर तिथपर्यंत पोचतच नाही. भिंगाच्या दुर्बिणीला किंवा मॅक्सुटोव्हला (पुढे भिंग, मागे आरसा अशी दुर्बीण) हा त्रास सहसा येत नाही. काहीजण आरसाच पुढे सरकवतात, माझी हिंमत झाली नाही. मी वर टी-आटे असलेला २एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट करणारं भिंग) घेतला, त्याने फोकसची जागा बाहेर ढकलली जाते आणि रिंग थेट त्यालाच बसते. चंद्र एकदम कडक दिसला! पण मग नोजपीसचे पैसे पाण्यात ना. शिवाय फोकल लेंथ दुप्पट, म्हणजे १८०० मिमीला चंद्राची प्रतिमा साधारण १६ मिमीची पडते आणि माझ्या सेन्सरची उंची १४.९, त्यामुळे पौर्णिमेचा चंद्र वरून किंवा खालून कापला जातोच. मग बार्लोचं भिंग तेवढं काढून नोजपीसच्या पुढच्या आट्यांत फिरवलं, मोठेपणा दीडपटीच्या आसपास आला, अख्खा चंद्र मावला, फोकस जेमतेम पण आला. नोजपीस वसूल.

कॅमेरा लावला की दुर्बिणीचं तोंड जड होऊन खाली झुकतं, दुर्बिणीची नळी तिला धरणाऱ्या कड्यांमधे मागे सरकवून बॅलन्स करा आणि फोकसरचा स्क्रू आवळा, नाहीतर कॅमेरा लटकून एका कडेचा फोकस जातो. ऑटो मोड विसरा, काळं आकाश बघून तो चंद्राचा पांढरा बल्ब करतो. मी शुक्ल अष्टमीला आयएसओ ४००, शटर १/१०० ठेवलं, लाईव्ह व्ह्यू १० पट झूम करून फोकस, आणि २ सेकंदाचा टायमर, कारण बटण दाबलं तरी सगळं थरथरतं. संध्याकाळी लगेच चढू नका, दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून चंद्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. मी नऊनंतर जातो, अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो म्हणून फार उशीरही परवडत नाही.

आणि खरं सांगू, कोजागिरी हुकली ते बरंच झालं. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीत, टायको विवराचे पांढरे पट्टे सोडले तर सगळं सपाट. दिवाळीनंतरच्या अष्टमीला टॉलेमी, अल्फॉन्सस, आर्झाखेल ही तीन विवरं उजेड-अंधाराच्या रेषेवर अशी ओळीत आली की काकूंना व्हॉट्सअॅपवर पाठवलं, त्यांनी परत विचारलं, "हे आपल्या गच्चीवरून?"

रिंगला पाचपैकी चार, बार्लो बजेटमधे आधीच धरा. आणि रिंग आपल्या कॅमेऱ्याच्या माउंटचीच मागवा, कॅननची निकॉनला बसत नाही.