जुन्या १६१३ ला पॉवर स्टिअरिंग बसवलं, त्याला आता वर्ष होत आलं

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्याला तेवढाच हवाय त्याचा वेळ जायला नको. साध्या स्टिअरिंगच्या जुन्या टाटा १६१३ ट्रकला पॉवर स्टिअरिंग बसवावं का? बसवावं. पण पुढच्या एक्सलचं काम उरकल्याशिवाय नाही. आणि बसवल्यावर ग्रीसगन कोपऱ्यात टाकणार असाल, तर पैसे वाया गेले म्हणून समजा. किट विकणारा यातलं काही बोलत नाही आणि फिटरला घाई असते, म्हणून एवढं लिहितोय.

आमची गाडी २००५ ची, सहाटायर, ६९७ टर्बो इंजिन. रोजचा रस्ता कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. खाली जाताना साखर, सिमेंट, खत, जे भाडं लागेल ते. वर येताना बहुतेक वेळा जांभा चिरा. एवढी जुनी गाडी कशाला ठेवलीस, असं घरातले पण विचारतात. पंधरा वर्षांपुढच्या अवजड गाडीच्या पासिंगची (फिटनेस तपासणीची) फी एप्रिल २०२२ मध्येच १२,५०० रुपयांवर गेली होती, आणि पासिंग दर वर्षी. तरी ठेवलीय, कारण हिशेब अजून बसतो. हप्ता संपून जमाना झाला. इंजिन ५,६७५ सीसीचं, मर्सिडीजच्या ओएम ३५२ च्या घराण्यातलं, लाइन पंपावर (डिझेल सोडणाऱ्या साध्या यांत्रिक पंपावर) चालणारं. ना सेन्सर, ना युरियाची टाकी. पाटणच्या पुढे रात्री बंद पडली तरी पाने आणि टॉर्च असला की निम्मी दुखणी जागेवर निघतात. बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमाची) गाडी चालवायला कितीतरी सुखाची, ते मान्य. पण तिला लॅपटॉपवाला शोधावा लागतो, आणि चिरेखाणीवर लॅपटॉपवाला येत नाही.

अडचण होती ती ड्रायव्हरची. साध्या स्टिअरिंगची गाडी म्हटलं की नवीन पोरं चावी हातात घेत नाहीत. आमचे ड्रायव्हर अण्णा पन्नाशीच्या पुढचे. भरल्या गाडीचं चाक घाटातल्या उलट्या वळणावर ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा गेला. १६.२ टनाच्या पासिंगमध्ये (मालासकट मंजूर वजनात) पुढच्या एक्सलचे ६ टन धरलेले असतात. चिरा भरताना हमालांनी केबिनच्या बाजूला जास्त रचला की पुढचा भार आणखी वाढतो आणि खाणीतून गाडी वळवून बाहेर काढायला दोन माणसं स्टिअरिंगला लागतात. अतिशयोक्ती नाही, क्लीनर शेजारून हात लावायचा.

किट नवीन घ्यायचं की भंगारातल्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स उतरवून घ्यायचा, यावर बराच खल झाला. जुना बॉक्स निम्म्याच्या आत मिळतो. पण त्याच्या आतले सील आणि पिस्टनची झीज बाहेरून दिसत नाही, आणि बसवल्यावर तेल गळायला लागलं की परत सगळं उतरवायचं. नंतरच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग आल्यामुळे ब्रॅकेट आणि ड्रॉप आर्म (बॉक्सला लागणारा फिरता दांडा) तयार मिळतात, करून घ्यावे लागत नाहीत. बॉक्स, पंप, फिल्टरची टाकी, पाईप, ब्रॅकेट आणि मजुरी मिळून खर्च अर्ध्या लाखाच्या वर गेला. किंगपिनचं (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं, तिचं) काम वेगळं.

आता ते किंगपिनचं. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी अट घातली, "आधी पुढचा एक्सल उचलू, मग ठरवू." जॅकवर घेऊन एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि चाक वर-खाली धरून हलवलं. ब्रेक दाबल्यावर बेअरिंगचा खेळ निघून जातो, उरेल तो किंगपिनचा. दोन्ही बाजूंना खडखड. मग ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) सोडून स्टब (किंगपिनवर फिरणारा, चाक धरणारा भाग) हाताने फिरवून बघितला, तर एका बाजूला ढिला आणि दुसऱ्या बाजूला अडकणारा. किंगपिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग (वरचं वजन झेलणारं) आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या टायरॉडचे दोन्ही एंड नवीन टाकले. खरं सांगतो, एवढं झाल्यावर गाडी साध्या स्टिअरिंगवरच इतकी हलकी झाली की किट परत करावं की काय, असा विचार मनात येऊन गेला. ज्यांचं बजेट तेवढं नाही, त्यांनी एवढंच काम करून थांबलं तरी हरकत नाही.

बसवताना दोन ठिकाणी उभं राहून बघा. पहिलं म्हणजे चासी. नव्या बॉक्सची भोकं जुन्या भोकांना जुळत नाहीत आणि घाईचा फिटर गॅस कटरने भोक पाडतो. पाडू देऊ नका. तापलेल्या जागी लाँग मेंबरला (चासीच्या लांब पट्टीला) तडा सुरू होतो, आणि पॉवरचा बॉक्स जुन्या बॉक्सपेक्षा कितीतरी जोराने त्या जागेला ढकलत असतो. ड्रिलनेच भोक, आणि डोक्यावर १०.९ लिहिलेले बोल्ट. आमच्या चासीवर जुन्या बॉक्सच्या खालच्या भोकाजवळ केसासारखी रेघ होती, ती धुतल्यावरच दिसली. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो तिथे थांबवला आणि मग आतून प्लेट दिली. गाडी भरून पहिल्या काही फेऱ्या झाल्यावर सगळे बोल्ट परत आवळले. एक खरंच ढिला सापडला.

दुसरं म्हणजे लॉकचे बोल्ट. चाक पूर्ण वळलं की एक्सलवरचा स्टॉप बोल्ट टेकतो. तो टेकायच्या थोडं आधी बॉक्समधला दाब सुटला पाहिजे, तशी सेटिंग लागते. ती नसेल तर चाक अडलेलं, पंप मात्र पूर्ण दाबाने ढकलतोय, आणि मधल्या मधे ड्रॅग लिंक आणि सील मरतात. फुल लॉकला पंप ओरडतो तो याचसाठी. अण्णांना सांगितलंय, आवाज आला की चाक जरा मागे घ्यायचं, धरून बसायचं नाही. तेल भरताना पुढची चाकं उचलून इंजिन सावकाश चालू ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं आणि टाकीत फेस येणं थांबेपर्यंत तेल ओतत राहायचं. याला घाई केली की हवा आत राहते आणि स्टिअरिंग मधेच झटका देतं.

वापराचं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात घरी येऊन अण्णा जेवणाआधी खांदा शेकत नव्हते, तेवढ्यात माझे पैसे वसूल झाले. उलटं वळण एका दमात निघतं. खाणीत, गोडाऊनला, बाजार समितीच्या गर्दीत गाडी लावताना वेळ वाचतो. डिझेलच्या अ‍ॅव्हरेजमध्ये मला तरी फरक दिसला नाही. कोणी फरक पडतो म्हणून घाबरवत असेल तर सोडून द्या.

पण घाट उतरताना एक जुनी सवय मोडावी लागते. पोफळीकडे उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणारे अजून आहेत. ते मुळात चुकीचंच, कारण ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीत असेल तेवढ्याच हवेवर ब्रेक उरतात. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत त्याच वेळी पंपही थांबतो. बंद इंजिनावर हे स्टिअरिंग जुन्या साध्यापेक्षा जड लागतं, हे मी सपाटीवर मुद्दाम करून बघितलं. भरलेली गाडी, उतार, पुढे वळण आणि हातात दगड झालेलं चाक, याचा विचार करा. आमच्याकडे नियम एकच: ज्या गिअरने चढतो, त्याच गिअरने उतरायचं.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. साध्या स्टिअरिंगमध्ये गाडीचं प्रत्येक दुखणं ड्रायव्हरच्या हाताला कळायचं. किंगपिन सुकली की चाक जड. एका टायरमध्ये हवा कमी की चाक त्या बाजूला ओढणार. अण्णा चिपळूणहून आले की सांगायचे, "मालक, डाव्या बाजूला ग्रीस मारून घ्या." पॉवर स्टिअरिंग आल्यावर हे सांगणंच बंद झालं, कारण पंप सगळं ओढून नेतो. पावसाळा संपता संपता अण्णा एकदा म्हणाले, "वळणातून चाक स्वतःहून परत येत नाय, हातानं आणावं लागतंय." जड मुळीच नव्हतं. मिस्त्रींनी ड्रॅग लिंक सोडून स्टब हाताने हलवला तर डाव्या बाजूचा हलेना. निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढलं, तर आत चिऱ्याची तांबडी धूळ ग्रीसमध्ये मिसळून डिंकासारखी घट्ट बसलेली. ग्रीसगन मारली की ग्रीस निपलच्या बाजूने बाहेर यायचं, आत एक थेंब जात नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, भरपूर ग्रीस आहे. नवीन बुश अजून खराब झालं नव्हतं, पण आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर किंगपिनसकट गेलं असतं, आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत लोण्यासारखं फिरत राहिलं असतं.

तेव्हापासून ग्रीस मारताना एक्सल जॅकवर उचलतो. चाकावर वजन असलं की थ्रस्ट बेअरिंगच्या बाजूला ग्रीस पोचत नाही. जुनं काळं ग्रीस सांध्यातून बाहेर पडेपर्यंत मारायचं, निपलच्या तोंडाशी जमलं म्हणजे झालं नाही. आणि वरचेवर ड्रॅग लिंक सोडून हाताने बघायचं. पाने लावून थोड्या वेळाचं काम आहे.

तक्रार एकच, पण ठळक. किटसोबत आलेला रिटर्न पाईप सुरुवातीपासून घामेजायचा. विकणाऱ्याला फोन केला तर "तेवढं चालतं" म्हणाला. चालत नाही. त्यावर धूळ बसते, पाईप मऊ होतो आणि गळणारं तेल गरम भागावर पडतं. जेसीबीचे हायड्रॉलिक पाईप दाबून देणाऱ्या दुकानातून दोन्ही पाईप नवीन करून घेतले आणि त्यानंतर टाकीतली तेलाची पातळी हललेली नाही. तुम्ही किट घ्याल तेव्हा मूळ पाईपवर विसंबू नका, तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा.

टायरचं थोडक्यात. पुढे रेडियल टाकले, मागे चारही जुन्या पद्धतीचे नायलॉनच ठेवले, कारण खाणीतल्या धारदार दगडावर रेडियलची बाजू फाटते. रेडियल जागेवर वळवताना जास्त जड लागतो. पॉवर स्टिअरिंग नसतं तर अण्णांनी मला शिव्या घातल्या असत्या. टो-इन (पुढची चाकं आतल्या बाजूला किती तिरकी, ते) मात्र नायलॉनइतका ठेवू नका, जवळजवळ सरळ ठेवा, नाहीतर टायरला करवतीसारखे दाते पडतात.

गाडी महिन्यात चार दिवस निघत असेल, सपाटीवर ऊस किंवा वीट वाहत असेल, तर किंगपिन करून थांबा. घाटाची, खाणीची किंवा शहरात आत शिरणारी गाडी असेल तर बसवा. केबिनमध्ये आता एक जादा बेल्ट आणि तेलाचा लिटरचा डबा कायमचा असतो. तेल करपल्याचा वास आला की फिल्टरसकट बदलतो, रंगाची वाट बघत नाही. पुढचं काम हवेच्या लाइनला ड्रायर बसवायचं. पावसाळ्यात हवेच्या टाकीतून रोज पाणी सोडून क्लीनर वैतागलाय.