निफाडची रेव्हेलो घ्यावी की इगतपुरीची व्हॅलोने?

परवा मित्राचा फोन आला, सुला वगैरे मोठ्या कंपन्यांची नको, छोट्या बागेतली चांगली रेड वाइन सांग, रेव्हेलो घेऊ का व्हॅलोने. मी म्हटलं आधी सांग जेवायला काय आहे, कारण दोन्ही नाशिक जिल्ह्यातल्याच असल्या तरी ताटात शेजारी काय आहे त्यावर सगळं ठरतं.

रेव्हेलो म्हणजे निफाडजवळ कुंदेवाडीच्या पाटील कुटुंबाची वायनरी. यांनी इटलीची द्राक्षं इथे लावली, त्यातलं नेरो दाव्होला मला जास्त आवडतं. ते मूळचं सिसिलीचं, तिथंही ऊन सणसणीत, त्यामुळे आपल्या उन्हाला ते बिचकत नाही. आणि निफाडची थंडी तर माहितीच आहे, हिवाळ्यात पारा कुठे जातो ते पेपरात येतं, दिवसा ऊन आणि रात्री गारठा असल्यामुळे फळात गोडी भरते पण आंबटपणाही टिकून राहतो. चवीला रसाळ आणि मऊ.

व्हॅलोने इगतपुरी तालुक्यात, मुकणे धरणाच्या बाजूला, शैलेंद्र पै यांची, आणि इथे सगळा कल फ्रान्सकडे. त्यांची 'अनोखी' ही कॅबर्ने सोव्हिन्यॉ या फ्रेंच द्राक्षाची रेड भारदस्त आहे, काळ्या फळांची चव, ओकच्या पिंपाचा वास आणि टॅनिन भरपूर, म्हणजे जांभूळ किंवा कोरा चहा प्यायल्यावर जीभ आवळते ना, तसं. इगतपुरीत पाऊस एवढा, मग द्राक्षं सडत नाहीत का, असं लोक विचारतात, तर ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, करतात आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, म्हणून पावसाच्या तावडीतून सुटतात.

आता मुद्द्याचं. तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने मी एकदा उघडली आणि पस्तावलो, तिखट आणि टॅनिन एकत्र आले की तोंडाची आग दुप्पट होते, वाइनचा काही दोष नव्हता, अक्कल माझीच कमी पडली. मसालेदार मटण, चिकन सुक्कं असलं की डोळे झाकून नेरो दाव्होला. भाजलेलं मटण, कमी तिखटाचे चॉप्स किंवा नुसतं जुनं चीज असेल तर अनोखी, टॅनिनला चरबी मिळाली की ती एकदम सौम्य होते. आणि कुणाला भेट द्यायची, लगेच उघडणार नाहीत असं वाटत असेल, तरी अनोखीच, ती दोन-चार वर्षं गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवली तरी चालते, फक्त किचनमधल्या गॅसवरच्या कपाटात ठेवू नका म्हणावं.

बजेट सैल असेल तर कर्नाटकात हम्पीकडची क्रस्मा वायनरी पण बघा, कृष्णप्रसाद आणि उमा चिगुरुपती या नवरा-बायकोची, नावही दोघांच्या नावांतूनच जुळवलेलं, त्यांची सान्जोव्हेजे या इटालियन द्राक्षाची रेड झकास आहे, पण आपल्याकडे हुडकावी लागते.

आणि कुठलीही घेतलीत तरी पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, रेड रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ती युरोपातली रूम, नागपूरची नाही. मित्राकडे शेवटी सुकं मटण होतं, तो रेव्हेलो घेऊन गेला.