बालवर्गासाठी रंगांच्या पाच बाटल्या: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

जून महिन्यात बालवर्गासाठी रंगसाहित्य घ्यायला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेलो, तेव्हा दुकानदाराने नेहमीप्रमाणे चोवीस छटांची खोकी पुढे ठेवली. ती बाजूला सारून आम्ही लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा अशा पोस्टर कलरच्या अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्या मागितल्या. त्याच खेपेत मेणखडूंचे काही डबे आणि छटा ओळखून क्रमाने लावायच्या मॉन्टेसरी रंगपट्ट्यांची एक पेटीही घेतली. चार ते पाच वर्षांच्या सव्वीस मुलांनी हे साहित्य एप्रिलपर्यंत वापरले. असे संच थोड्याफार फरकाने अनेक कंपन्या विकतात, त्यामुळे येथे कंपनीविषयी न लिहिता साहित्याविषयीच लिहीत आहे. बालवाडीच्या ताईंना आणि घरी मुलांना रंग आणून देणाऱ्या पालकांना पुढच्या खरेदीत त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

साहित्य पारखण्याची आमची कसोटी एकच होती. मुलाने डोळ्यांनी पाहिलेला, पण डब्यात नसलेला रंग त्याला स्वतःच्या हाताने तयार करता येतो का? या कसोटीवर पाच बाटल्या चोवीस छटांच्या खोक्यापेक्षा कितीतरी सरस ठरल्या. खोक्यात पोपटी तयार असतो, त्यामुळे मूल तो उचलते, लावते आणि मोकळे होते. बाटल्यांपुढे मात्र त्याला थांबून विचार करावा लागतो.

याचा प्रत्यय श्रावणात आला. पावसाने शाळेचे आवार हिरवेगार झाले होते. मुलांना बाहेर नेऊन आम्ही एकच प्रश्न विचारला, ‘इथे हिरवे किती आहेत?’ प्रत्येकाने दोन-तीन पाने, गवताची काडी, कोणी भिंतीवरच्या शेवाळाचा तुकडा असे काहीतरी आणले आणि वर्गात सतरंजीवर मांडले. त्यानंतर पिवळा आणि निळा एवढेच दोन रंग समोर ठेवून, आपल्या पानासारखा हिरवा करून पाहा, असे सांगितले. हे काम तीन आठवडे चालले. मुलांनी आपापल्या हिरव्यांना नावे दिली: कढीपत्त्याचा हिरवा, कच्च्या कैरीचा हिरवा, ओल्या भिंतीचा हिरवा. मोरपंखी, पोपटी, शेवाळी, आमसुली, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, विटकरी, पारवा ही रंगांची नावे मराठीत अशाच पाहण्यातून रुळली आहेत. लुगड्यांच्या आणि साड्यांच्या दुकानांत ती अजून बोलली जातात, पण मुलांच्या रंगांच्या डब्यांवर ती सहसा छापलेली नसतात, याचे मनापासून वाईट वाटते.

एके दिवशी एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘ताई, माझा हिरवा संपला. आता तो परत येत नाहीये.’ तिने दोन-तीनदा प्रयत्न केला होता आणि प्रत्येक वेळी वेगळाच हिरवा निघत होता. आम्ही उत्तर दिले नाही. तोच प्रश्न सर्वांपुढे ठेवला. पहिल्या वेळी कोणता रंग किती घेतला होता हे लक्षातच राहिले नाही, असे मुलांच्या बोलण्यातून हळूहळू पुढे आले. तेव्हापासून स्वयंपाकघरातला लहान चमचा मापाला आला आणि प्रत्येक चमच्यामागे कागदावर एक ठिपका काढायची पद्धत पडली. चार पिवळे ठिपके आणि एक निळा ठिपका म्हणजे कैरीचा हिरवा. अक्षरओळख नसलेली मुले एकमेकांच्या ठिपक्यांवरून रंग तयार करू लागली. मोजणे, नोंद ठेवणे, पुन्हा करून पडताळणे, हे सारे या वयात रंगांच्या निमित्ताने इतक्या सहज घडेल असे आम्हाला वाटले नव्हते.

आता बाटल्यांच्या गुणदोषांकडे वळते. पिवळा पातळ आहे आणि सर्वांत आधी संपतो. कोणत्याही मिश्रणात तोच जास्त लागतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्येच दुसरी बाटली आणावी लागली. निळा फार जोरकस आहे. चमचाभर पिवळ्यात त्याचा एक थेंबही पुरतो, म्हणून तो बाटलीतून थेट ओतू न देता वाटीत काढून, काडीच्या टोकाने घ्यायला शिकवावे. पांढरा चांगला दाट आहे. झाकणांची मात्र मोठी अडचण आहे: कडेला रंग वाळला की ती मुलांना उघडत नाहीत, त्यामुळे रोज शेवटी झाकण आणि बाटलीचा गळा ओल्या फडक्याने पुसावा लागतो.

खरा दोष लाल रंगात आहे. संचातला लाल शेंदरीकडे झुकणारा आहे. त्यापासून केशरी सुरेख होतो, पण निळ्यात मिसळला की जांभळ्याऐवजी चॉकलेटी गढूळ रंग उतरतो. जांभळाच्या दिवसांत जिभेवर पाहिलेला रंग कागदावर येईना, तेव्हा मुले हिरमुसली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शेंदरी लालात पिवळ्याचा अंश असतो, संचातला निळा हिरव्याकडे झुकणारा असल्याने त्याच्यातही पिवळ्याचा अंश असतो आणि लाल, निळा, पिवळा असे तिन्ही एकत्र आले की तपकिरीच तयार होतो. आम्ही किरमिजी लालाची एक बाटली वेगळी आणली आणि त्याच दिवशी जांभळा जमला. मात्र आधीचा लाल फेकला नाही. दोन्ही लाल शेजारी ठेवल्यावर ‘लाल’ हा एकच रंग नसतो, हे मुलांना सांगावे लागले नाही. संच करणाऱ्यांनी एका लालाऐवजी दोन लाल द्यावेत, ही आमची पहिली सूचना आहे.

बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ एवढेच छापलेले होते, कोणत्याही मानकाचा क्रमांक नव्हता. या वयाची मुले बोटे तोंडात घालतातच, म्हणून क्रमांक पाहूनच खरेदी करावी. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतात आयएस ९८७३ हे मानक आहे. युरोपातल्या ईएन ७१ या मानकाचा सातवा भाग तर खास बोटांनी वापरायच्या रंगांसाठी आहे. ‘सहज धुता येतो’ हा दावा निळा सोडून इतर रंगांबाबत बऱ्याच अंशी खरा ठरला. पालकांकडून मोठ्या माणसांचे जुने शर्ट मागवावेत आणि ते उलटे, बटणे पाठीवर येतील असे घालावेत, म्हणजे गणवेशाची चिंता उरत नाही. रंग मिसळायला विकतच्या पॅलेटपेक्षा इडलीपात्राच्या ताटल्या उत्तम, फक्त त्या बिनभोकाच्या निवडाव्यात.

मेणखडूंनी निराशा केली. ते कठीण आहेत, दाबल्याशिवाय उमटत नाहीत, दाबले की मोडतात आणि एकावर एक रंग चढत नाहीत. मोडलेल्या तुकड्यांचा कागद काढून, पानावर कागद ठेवून त्यांनी आडवे घासले असता शिरांचे ठसे छान उमटतात, एवढा उपयोग झाला. त्यांच्यासोबत आलेली रंगवायची पुस्तिका आम्ही वर्गात आणलीच नाही. तिच्यात सफरचंद लाल, सूर्य पिवळा आणि पान हिरवे असे आधीच ठरवून दिलेले होते. ज्या मुलाने नुकतेच पिवळसर, तांबूस, ठिपक्याठिपक्यांचे पान हातात धरून पाहिले आहे, त्याच्यापुढे ही पुस्तिका ठेवणे हा त्याच्या डोळ्यांवरचा अविश्वास ठरला असता.

मेणखडूंच्या त्याच डब्यात ‘स्किन’ असे नाव असलेला एक फिकट गुलाबी खडू होता. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ नावाच्या खडूचे नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केले आणि २०२० साली त्वचेच्या चोवीस छटांचा स्वतंत्र संच काढला. आपल्या बाजारातल्या बऱ्याच डब्यांत मात्र अजून एकच रंग ‘त्वचेचा’ म्हणून मिळतो. म्हणून आम्ही मुलांना आपापल्या हाताचा रंग बाटल्यांतून करायला सांगितले. मिश्रणाचा ठिपका मनगटावर लावून पाहायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत बदलत राहायचे. लाल, पिवळा, थोडा निळा आणि पांढरा एवढ्यात सव्वीस रंग तयार झाले. चिकूचा, गुळाचा, चहाचा, नाचणीच्या भाकरीचा अशी त्यांची नावे होती. आपल्या रंगाला ‘चिंचेचा’ म्हणणाऱ्या मुलाने घरी जाऊन आजीचा रंगही करून आणला. वर्षातला हा आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा उपक्रम होता आणि चोवीस छटांच्या खोक्याने तो घडलाच नसता.

मॉन्टेसरी रंगपट्ट्यांच्या तीन पेट्या असतात. त्यांपैकी आम्ही घेतलेली तिसरी पेटी नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, अशा त्रेसष्ट पट्ट्यांची आहे. मूल गडदापासून फिक्यापर्यंत छटा लावते आणि चूक झाली तर स्वतःच ओळखते. हे साधन विचारपूर्वक घडवलेले आहे आणि डोळ्याला वळण लावते. काठाला धरले तर पट्ट्या वर्षानुवर्षे टिकाव्यात, पण आमच्या पेटीतल्या राखाडीच्या दोन छटा इतक्या सारख्या निघाल्या की मोठ्यांनाही त्या वेगळ्या करता येईनात. अशा संचातून मुलाला चुकीचा धडा मिळतो, म्हणून खरेदीआधी पेटी उघडून उजेडात तपासावी. एका मुलाची लाल आणि हिरव्या पट्ट्यांत सतत गल्लत होऊ लागली, तेव्हा आम्ही कोणताही निष्कर्ष न काढता पालकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सुचवले. लाल-हिरवा भेद कमी जाणवणे मुलींपेक्षा मुलग्यांत बरेच अधिक आढळते. ताईंनी हे लक्षात ठेवले, तर मूल ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का टळतो.

तरीही ज्या बालवाडीला पेटी परवडत नाही, तिने स्वतःला उणे समजू नये. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम करताना पाने, शंख-शिंपले, बिया, खडे यांनाच शैक्षणिक साधन केले. आम्हीही पेटीच्या शेजारी सुकत जाणाऱ्या पानांची रांग लावली आणि मुलांची गर्दी त्या रांगेपाशीच अधिक झाली. घरातल्या रंगांनीही पुष्कळ शिकवले. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की पिवळ्याचा लाल होतो आणि गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे-गुलाबी होते. चुना मात्र ताईंनीच हाताळावा, मुलांच्या हाती देऊ नये. हळदीने रंगवलेला कागद खिडकीत ठेवला तर काही दिवसांत फिका पडतो. मुलांनी अर्धा कागद पुठ्ठ्याने झाकून तेही पाहिले.

काळी बाटली आम्ही एप्रिलपर्यंत उघडली नव्हती, कारण तिचा एक थेंब सगळे मिश्रण मारून टाकतो अशी भीती होती. शेवटच्या पंधरवड्यात ती उघडली आणि एका मुलाने पिवळ्यात काळा मिसळला. वाटीत शेवाळी हिरवा तयार झाला. जवळ निळा नव्हताच. ‘ताई, निळा कुठून आला?’ असे त्याने विचारले आणि बाकीची मुले वाटीभोवती जमली. काळ्या रंगात निळसर झाक असते हे सांगणे सोपे होते, पण आम्ही सांगितले नाही. त्याऐवजी काळ्याचा एक थेंब भरपूर पांढऱ्यात घालून पाहायला दिला.

येत्या जूनसाठी आमची यादी ठरली आहे: पिवळ्याच्या दोन बाटल्या, पांढऱ्याची, निळ्याची, शेंदरी लालाची आणि किरमिजी लालाची प्रत्येकी एक. मेणखडू घेणार नाही. काळा पुष्कळ उरला आहे, पण या वेळी तो पहिल्या महिन्यातच उघडणार आहोत.