नेटवर्किंगच्या नावाखाली माझे १,०८,६३० रुपये लाटले

नागपुरात सकाळी सकाळी हॉटेलात भरणाऱ्या 'बिझनेस नेटवर्किंग' बैठकांना जाणाऱ्यांनी हे वाचाच. सगळे गट असे नसतात. माझ्या खोक्यांच्या युनिटला दोन चांगले ग्राहक अशाच एका गटातून मिळाले होते, म्हणून तर या नव्या गटात गेलो. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: एका धंद्याचा एकच सभासद, मिनिटभर ओळख, कार्डं, रेफरल म्हणजे एकमेकांना ग्राहक सुचवणं.

फी २८,५००, वर १८ टक्के जीएसटी ५,१३०. एकूण ३३,६३०. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर गटाचं नाव नाही, कुण्या बाईचं नाव! तिथेच हात थांबायला हवा होता. अजूनही आठवलं की डोकं भणभणतं. मी विचारलंही. आयोजक म्हणे, "भाऊ, करंट अकाउंटचं काम सुरू आहे, तोवर घरच्यांचं खातं." भोवती हॉलभर व्यापारी, त्यात दोघे माझ्या ओळखीचे, माझ्या कोटाला बिल्ला लावून टाळ्या वाजवत होते. चारचौघांत कोण हुज्जत घालेल? धंद्यात पत सांभाळावी लागते. पावतीवरचा जीएसटी क्रमांक १४ अक्षरांचा आहे, हे पुढे सीएने दाखवलं. खरा १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पैसे देण्याआधी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नाव लगेच दिसतं.

मग 'रेफरल' आला: बुटीबोरीची कंपनी, दरमहा मोठी ऑर्डर, फक्त व्हेंडर नोंदणीची अनामत ७५,०००. भरली. कंपनीच्या गेटवर कळलं, असा परचेस मॅनेजर तिथे नाहीच. ऑर्डर देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला सरळ फुटवा.

आणि पोलीस! ठाण्यात म्हणाले, "हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा." सायबरवाले म्हणाले, "समोरासमोर भेटलात ना, मग ठाण्यात जा." बँक म्हणाली, "पिन तुम्हीच टाकला." सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे सगळं शांत. खोटी ऑर्डर दाखवून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? कर आम्ही भरायचा आणि बाकावर ताटकळतही आम्हीच बसायचं! ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) लेखी तक्रार टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. १९३० ला मात्र पैसे गेल्या गेल्या फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

तोच आयोजक आता अमरावती रोडला नव्या नावाने बैठका घेतोय. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी पावत्या आणि चॅट घेऊन पुढे या, एकत्र तक्रार देऊ.