८२ अंशांचा थर्मोस्टॅट : सहा महिन्यांच्या वापरानंतर
पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात आमचा ट्रक तापत असे, म्हणून एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅटच (इंजिन पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकण्यात आला. त्यानंतर तापमानाचा काटा वर चढेना, हिवाळ्यात पहाटे बराच वेळ पांढरा धूर येई आणि डिझेलही जास्त जाऊ लागले. अखेर मूळ पार्ट नंबर जुळवून साताऱ्यातील एका दुकानातून ८२ अंश सेल्सिअसला उघडू लागणारा थर्मोस्टॅट घेतला. तेथे ७१ अंशांचाही होता. परंतु लवकर उघडणाऱ्या झडपेमुळे इंजिन थंड ठेवण्याची एकूण क्षमता वाढत नाही, कारण ते काम रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप यांचे असते.

बसवण्यापूर्वी तो दोऱ्याने बांधून पातेल्यातील पाण्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवले. ८२ च्या आसपास झडप जेमतेम केसभर हलली आणि ९५ च्या सुमारास पूर्ण उघडली. ही तपासणी प्रत्येकाने अवश्य करावी.

खरा दोष गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये होता. तो साफ करून घेतल्यापासून भरलेल्या गाडीचा काटाही घाटात स्थिर राहतो. थर्मोस्टॅटसोबत आलेले गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवायची चकती) मात्र फारच पातळ निघाल्याने वेगळे घ्यावे लागले.