फोल्डस्कोप: लहान मुलांना एकपेशीय जीव दाखवायला कितपत उपयोगी?

कागदाच्या घड्या घालून जोडायचा हा सूक्ष्मदर्शक मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवला. इवल्याशा गोल भिंगातून वस्तू 140 पट मोठी दिसते. पॅरामेशियम या तळ्यातल्या एकपेशीय जीवाची लांबी साधारण 0.2 मिलिमीटर, मोजपट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या घरात असे पाच जण ओळीने मावतात. फोल्डस्कोपमधून तोच सुमारे पावणेतीन सेंटिमीटरचा दिसतो. खाणं, पोहणं, वाटेत काही आडवं आलं की मागे सरकून वळणं, हे सगळं एकच पेशी करते, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला समोर दिसतं. एवढ्यासाठी हे उपकरण घ्यावंच.

जिवाणूंपासून मात्र सुरुवात करू नका. 2 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तपशील यात सुटे दिसत नाहीत आणि बरेच जिवाणू तेवढेच किंवा त्याहून लहान असतात. अमिबाही नंतर, तो पारदर्शक, संथ आणि शोधायला अवघड.

नमुना घरीच तयार होतो. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, चिमूटभर वाळलेलं गवत आणि दोन चमचे तळ्याचं पाणी घाला, झाकण सैल ठेवून बरणी सावलीत ठेवा. आधी जिवाणू वाढून पाणी गढूळ होतं, मग त्यांना खाणारे जीव वाढतात; आठवडाभरात पाहण्याजोगं काही मिळतं. गवत जास्त झालं तर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, घाण वास येतो आणि हवे ते जीव मरतात. थेंब पृष्ठभागावरच्या सायीलगतचा घ्या.

थेंब छोटाच हवा. मोठा घेतला तर वरची काच तरंगते, पाणी कडेने झिरपून भिंगाला लागतं आणि सगळं धूसर होतं. पॅरामेशियम क्षणात नजरेआड पळतो, म्हणून थेंबात कापसाचे चार-पाच तंतू सुटे करून टाका. त्यांच्यात तो अडखळतो. जाड काळ्या कडेची अगदी गोल, स्थिर वर्तुळं म्हणजे हवेचे बुडबुडे. मुलं हमखास त्यांनाच जीव समजतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. थेंब काही मिनिटांत आटू लागतो. कडेने नवा थेंब सोडत राहा.

खरी अडचण हाताळणीची आहे. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवायचा आणि त्याच वेळी अंगठ्यांनी कागद सरकवून प्रतिमा स्पष्ट करायची, हे लहान मुलांना जमत नाही. जोडणीही मोठ्यांनीच करावी. चुंबकाने भिंग फोनच्या कॅमेऱ्यावर बसवलं की सगळ्यांना एकदम पडद्यावर दिसतं, बोट ठेवून प्रश्न विचारता येतात. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही हीच पद्धत सुचवू. उजेडासाठी खिडकी किंवा दिवा वापरा. सूर्याकडे कधीच रोखू नका. शेवटी बरणीतलं पाणी ओतून द्या आणि साबणाने हात धुवा.